हळद, चिनी वैद्यक आणि कर्क्युमिन

हळदीचें पीक सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील बागायतदारांस नवें नाहीं. वाई-कोरेगांवपासून कऱ्हाड, वाळवें, पलूस, मिरजेपर्यंत हें पीक पिढ्यान्पिढ्या होत आलें आहे, आणि सांगलीची पेठ तर हळदीच्या नांवानें सर्व देशांत ओळखली जाते. इ. स. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळालें. तेव्हां लागवड कशी करावी, भर केव्हां लावावी, हें आमच्या वाचकांस आम्हीं शिकवावें असें नाहीं.

हा लेख लिहिण्याचें कारण निराळें आहे. अलीकडे हळदीहून हळदींतील एका द्रव्याचाच बोलबाला अधिक झाला आहे. त्या द्रव्याचें नांव कर्क्युमिन. त्याच्या गोळ्या व कुप्या शहरांत विकल्या जातात, आणि आतां खेड्यांतील घरांतूनही त्या दिसूं लागल्या आहेत. वेष्टनावर बहुधा असें लिहिलेलें असतें कीं, हें द्रव्य चिनी वैद्यकांत हजारों वर्षें वापरांत आहे. गुडघेदुखी, मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, विस्मरण, सर्वांवर तें चालतें असें सांगितलें जातें. आमच्या माणसांस ह्याचा मोह अधिक पडतो, कारण वस्तु आपल्याच शेतांतली. तिनें अपाय कसा होईल, असें प्रत्येकास वाटतें. मग कोणी रक्तदाबाची गोळी सोडतो, कोणी मधुमेहाची. म्हणून ह्या गोष्टीची नीट छाननी करणें अवश्य झालें आहे.

आम्ही वैद्य नव्हों. आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. परंतु त्या दप्तरानें एक गोष्ट अंगीं बाणविली ती ही कीं, जमीन कोणाच्या नांवें आहे, ती कसतो कोण, आणि तींत पीक कोणतें आहे, ह्या निरनिराळ्या रकान्यांतील नोंदी एकमेकींत मिसळूं नयेत. येथेंही तीन रकाने आहेत. आपण खातों ती हळद, वैद्य देतो तें हळदीचें औषध, आणि कारखान्यांत वेगळें काढलेलें कर्क्युमिन. ह्या तिन्ही वस्तु एकच समजल्यामुळें सर्व घोटाळा झाला आहे.

प्रथम चिनी वैद्यकाकडे वळूं. हळदीच्या झाडास बीं धरत नाहीं. गड्डा लावावा तेव्हांच तें वाढतें. असें पीक वाऱ्यानें किंवा पांखरांनीं परदेशीं जात नाहीं, मनुष्याच्या हातानेंच जातें. तिचें मूळस्थान दक्षिण आशियांत, बहुधा भारतांतच, असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तेव्हां चीनमध्यें ती कोणा व्यापाऱ्याच्या वा यात्रेकरूच्या सामानांतून पोंचली असली पाहिजे. तांग घराण्याच्या राज्यांत, इ. स. ६५९ सालीं, बादशहाच्या हुकुमानें औषधी द्रव्यांचा एक मोठा ग्रंथ सिद्ध झाला. त्याचें नांव शिनशिउ बेनत्साओ. ह्या ग्रंथांत हळदीची नोंद आहे. चिनी भाषेंत तिला ज्यांग-ह्वांग म्हणतात. ज्यांग म्हणजे आलें आणि ह्वांग म्हणजे पिवळें. म्हणजे वेष्टनावरील 'हजारों वर्षें' हीं प्रत्यक्षांत साडेतेराशेंच्या सुमारास येतात. हाही काळ थोडा नव्हे. पण खरें तें खरें.

पुढें इ. स. १५७८ सालीं ली शि-चेन ह्या वैद्यानें बेनत्साओ कांगमू हा आपला प्रचंड ग्रंथ पुरा केला, आणि त्याच्या मरणानंतर इ. स. १५९६ सालीं तो नानकिंग येथें छापून निघाला. त्यानें हळद व तिच्या जातीचीं दुसरीं औषधें ह्यांविषयीं असें म्हटलें आहे कीं, हीं रूपानें व गुणानें जवळजवळ सारखीं, परंतु शरीरांत त्यांचा मार्ग वेगवेगळा. हा भेद आमच्या वाचकांनीं अवश्य समजून घ्यावा, कारण तो आपल्याच शेतांत प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

आपण हळद काढतों तेव्हां गड्ड्यास मुळ्या असतात, आणि कांहीं मुळ्यांच्या टोंकास लांबट, फुगीर, आंतून फिकट अशा लहान गांठी आलेल्या असतात. हळकुंडें मोडून वेगळीं करितांना आपण त्या मुळ्यांबरोबर बांधावर टाकून देतों. चिनी वैद्य त्याच गांठी जपून ठेवितो. हळदीच्या व तिच्या कांहीं भाऊबंद जातींच्या ह्या गांठींस तो यु-जिन म्हणतो, आणि गड्डे-हळकुंडांस ज्यांग-ह्वांग म्हणतो. ज्यांग-ह्वांग त्याच्या मतें उष्ण. साकळलेलें रक्त मोकळें करणारें, खांदा व बाहू ह्यांच्या दुखण्यावर चालणारें. यु-जिन मात्र शीत. काविळीवर व मनाच्या क्षोभावर देण्याचें. झाड एक, पण गड्डा उष्ण आणि त्याच झाडाच्या मुळाची गांठ थंड! हा भेद खरा कीं खोटा, ह्याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. पण एवढें उघड आहे कीं, जो वैद्य एकाच झाडाच्या दोन भागांचीं दोन औषधें मानतो, तो 'हळद सर्वांवर चालते' असें कधींच म्हणत नाहीं. त्याच्या शास्त्रांत एकोणीस वर्ज्य जोड्यांची एक जुनी यादी आहे, तींत लवंग आणि यु-जिन एकत्र देऊं नये असें स्पष्ट आहे. गर्भवती स्त्रीस ज्यांग-ह्वांग जपून द्यावी असेंही तो सांगतो. हे निर्बंध गोळीच्या वेष्टनावर कोठें आढळतात काय?

ज्यांग-ह्वांग तयार करण्याची रीत वाचून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. हिंवाळ्यांत पाला वाळला म्हणजे गड्डे काढावे, धुवावे, गाभ्यापर्यंत शिजेतों उकडावे किंवा वाफवावे, उन्हांत वाळवावे आणि मुळ्या काढून टाकाव्या. सांगलीच्या एखाद्या शेतकऱ्यानें ही रीत लिहिली असती तर यापेक्षां निराळी लिहिली नसती.

आतां मुख्य मुद्दा. चिनी वैद्य हें औषध बहुधा काढा करून देतो. चीनच्या आजच्या सरकारी औषधिसंहितेंत ह्याची रोजची मात्रा ३ ते १० ग्रॅम सांगितली आहे. परंतु कर्क्युमिन हें द्रव्य पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं. विश्वास नसेल त्यानें घरीं पाहावें. हळदीची पूड पाण्यांत घातली तर थोड्या वेळानें तळाशीं बसते, आणि तीच गरम तेलांत टाकली तर तेल पिवळेंधमक होतें. म्हणून काढ्यांतून रोग्याच्या पोटांत जें जातें त्यांत कर्क्युमिनचा भाग अल्पच असणार. त्याच संहितेंत औषधी हळदीची कसोटी दिली आहे, ती अशी कीं तींत कर्क्युमिन निदान १ टक्का असावें आणि उडून जाणारें सुगंधी तेल निदान ७ टक्के असावें. म्हणजे चिनी शास्त्राचा ओढा तेलाकडे अधिक दिसतो. तेव्हां चिनी वैद्यकाची पुण्याई कर्क्युमिनच्या कुपीच्या नांवें चढविणें ही दुसऱ्याच्या रकान्यांतील नोंद आपल्या नांवें ओढण्यासारखी गोष्ट आहे.

आपल्या आयुर्वेदांतही हेंच दिसतें. चरकसंहितेंत हरिद्रा लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न ह्या गणांत घातली आहे. प्रमेहावर हळद व आवळा ही जोडी वाग्भटानें सांगितली आहे. आयुर्वेदानें हळद उष्ण, कडू व तिखट मानली, आणि चिनी वैद्यानेंही ज्यांग-ह्वांग तशीच मानली, हा मेळ नवल करण्यासारखा खरा. पण दोघांनींही सबंध हळद वापरली. तिच्यांतून एक द्रव्य काढून तें एकटें कोणी दिलें नाहीं. दारुहळद हें तर निराळेंच झुडूप आहे, तिचा पिवळेपणा निराळ्या द्रव्याचा, आणि नांवावरून तिची व हळदीची गल्लत करूं नये.

कर्क्युमिन वेगळें काढण्याचें काम युरोपांत झालें. इ. स. १८१५ सालीं फोगेल व पेल्तिए ह्या दोघांनीं हळदींतील पिवळा रंग प्रथम वेगळा केला. त्याची रासायनिक रचना उलगडावयास मात्र इ. स. १९१० साल उजाडलें. सुकलेल्या हळदींत तें साधारणतः २ ते ५ टक्के असतें. मेघालयांतील लाकाडोंग हळदींत ह्याहून पुष्कळ अधिक असतें म्हणून तिची ख्याति आहे. हें द्रव्य आम्लांत पिवळें राहतें व क्षारांत तांबडें होतें. हळदीवर चुन्याची निवळी पडली कीं ती लाल होते, कुंकवास रंग चढतो, मुरगळलेल्या पायावर लावलेल्या हळद-चुन्याचा लेप तांबूस दिसतो, तो सर्व ह्याचाच खेळ.

त्याचे गुण कितपत सिद्ध झाले आहेत? निष्पक्षपणें सांगावयाचें तर कांहीं प्रयोग अनुकूल आहेत. थायलंडांत गुडघ्याच्या संधिवातानें पीडलेल्या ३६७ रोग्यांवर केलेला एक प्रयोग इ. स. २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत हळदीचा अर्क रोज १५०० मिलिग्रॅम चार आठवडे दिला असतां दुखणें कमी होण्यांत तो आयबुप्रोफेन ह्या प्रसिद्ध वेदनाहर गोळीच्या बरोबरीचा ठरला. त्याच देशांत अपचनाच्या विकारावर केलेल्या, इ. स. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कर्क्युमिन हें ओमेप्राझोल ह्या औषधाशीं तुल्य दिसलें. हे दोन्ही प्रयोग विचार करण्याजोगे आहेत. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इ. स. २०१७ सालीं अमेरिकेंतील कांहीं औषधरसायनज्ञांनीं कर्क्युमिनवरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला. १२० हून अधिक चिकित्साप्रयोग झाले असतां, रोगी व वैद्य ह्या दोघांसही खरें औषध कोणतें तें न कळूं देतां केलेल्या कसोटीच्या प्रयोगांत यश मिळालें असें एकही उदाहरण त्यांस मान्य करतां आलें नाहीं. त्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली ती फार महत्त्वाची आहे. परीक्षानळींत कर्क्युमिन स्वतः चकाकतें, वाटेल त्यास चिकटतें आणि लवकर मोडतें. त्यामुळें गुण नसतांही गुण आल्याचा भास होतो. शेंकडों लेखांतून 'हळद कर्करोग मारते' असें छापून आलें त्यांतील पुष्कळ भाग असा परीक्षानळींतला आहे. परीक्षानळी म्हणजे मनुष्याचें पोट नव्हे.

पोटांतून हें द्रव्य रक्तांत फारच थोडें उतरतें. ह्यावर उपाय म्हणून मिऱ्यांतील पायपरिन नांवाचें द्रव्य त्यांत मिसळतात. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं इ. स. १९९८ सालीं दाखविलें कीं, पायपरिनबरोबर दिल्यास मनुष्यांत कर्क्युमिनचें शोषण वीसपट वाढतें. गोळ्यांचे कारखानदार ह्या आंकड्याची दवंडी पिटतात. परंतु ज्या कारणानें कर्क्युमिन अधिक उतरतें त्याच कारणानें इतर औषधेंही अधिक उतरूं शकतात, कारण पायपरिन यकृताच्या मोडतोडीच्या कामांत अडथळा आणतें. जो मनुष्य रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतो त्यास ह्यापासून रक्तस्रावाचें भय आहे.

आतां हिशेब करूं, कारण हिशेबाशिवाय आम्हांस चैन पडत नाहीं. ३ टक्क्यांची हळद धरली तर एक ग्रॅम पुडींत कर्क्युमिन ३० मिलिग्रॅम. घरांतील मोठा मनुष्य रोज आमटी-भाजींतून दोन-तीन ग्रॅम हळद खात असेल तर त्याच्या पोटांत ६० ते ९० मिलिग्रॅम जातें. आंतरराष्ट्रीय अन्नतज्ज्ञांच्या समितीनें रोज शरीराच्या दर किलो वजनास ३ मिलिग्रॅमपर्यंत कर्क्युमिन निर्धोक मानलें आहे. ६० किलोच्या मनुष्यास हें १८० मिलिग्रॅम, म्हणजे सहा ग्रॅम हळद झाली. आपला स्वयंपाक ह्या मर्यादेच्या पुष्कळ आंत राहतो. परंतु रोज एक ग्रॅम कर्क्युमिन घेणारा मनुष्य तेहतीस-चौतीस ग्रॅम हळदींतला रंग एका दिवसांत गिळतो, आणि वर मिऱ्यांचा अर्क घेऊन तो रक्तांत ढकलतो. ही स्वयंपाकघरांतील हळद खासच नव्हे.

ह्याचे परिणाम दिसलेही आहेत. इटलींत इ. स. २०१९ सालीं हळदीच्या गोळ्या घेणाऱ्या वीसच्या आसपास माणसांस यकृताचा दाह झाल्याचें आढळलें, आणि इ. स. २०२२ सालीं तेथील सरकारनें अशा गोळ्यांवर इशारा छापण्याची सक्ति केली. अमेरिकेंत त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असे दहा रोगी वर्णिले आहेत. त्यांतील एक दगावला. दहापैकीं सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सांपडली, म्हणजे पुष्कळांस तें बाधण्यांत जन्मजात कारणाचा भाग असावा; पण आपण त्यांपैकीं आहों कीं नाहीं हें घेणाऱ्यास आधीं कळत नाहीं. म्हणून ज्यास पित्ताशयांत खडे आहेत, यकृताचा विकार आहे, रक्त पातळ करणारें औषध चालू आहे, किंवा घरांत गर्भवती स्त्री आहे, त्यानें अशी कुपी डॉक्टरास दाखविल्याशिवाय उघडूं नये. गोळी सुरू केल्यावर डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर गोळी त्याच दिवशीं बंद करून दवाखाना गांठावा.

हळदीच्या औषधी गुणांवर कोणाची मालकी, हा प्रश्नही एकदां उपस्थित झाला होता. अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचें पेटंट इ. स. १९९५ सालीं मिळालें. डॉ. रघुनाथ माशेलकर हे प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली, जुने संस्कृत ग्रंथ आणि इ. स. १९५३ सालचा एक वैद्यकीय निबंध पुराव्यादाखल पुढें ठेविला, आणि इ. स. १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. कागद जपून ठेवल्याचें फळ असें मिळतें. मात्र परिषदेनें जिंकलें तें जखमेवर बाहेरून लावावयाच्या हळदीविषयीं होय. पोटांत घ्यावयाच्या कुपीविषयीं नव्हे.

कुपी घ्यावी न घ्यावी हें ज्याचें त्यानें पाहावें. कर्क्युमिनचें टक्केप्रमाण मात्र आपल्या धंद्याचा विषय आहे, कारण अर्क काढणारे कारखाने माल ह्याच मापानें मोजतात. सांगलीच्या सौद्यांत भाव ठरतो तो मुख्यतः रंग, लांबी, जाडी व तकाकी पाहून. दोन्ही मापें एक नव्हेत. कसबे डिग्रज येथें राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें संशोधन केंद्र आहे. तेथून निघालेल्या 'कृष्णा' जातींत कर्क्युमिन ३ टक्क्यांच्या आंत, तर 'फुले स्वरूपा' जातींत ५ टक्क्यांच्या सुमारास असतें. कोळीकोड येथील संस्थेच्या 'प्रभा' व 'प्रतिभा' ह्या जाती ६ टक्क्यांच्या वर जातात. पण केवळ टक्के पाहून बेणें बदलूं नये. एकरीं उतारा, करप्याचा व कंदकुजीचा त्रास, आणि टक्क्यांप्रमाणें दाम देणारा गिऱ्हाईक, हीं तिन्ही पाहून मग आधीं चार-पांच गुंठ्यांत लावून पाहावें.

जात कोणतीही असो, निष्काळजीपणानें हातचें टक्के जातात. पीक पुरें पक्व होण्यापूर्वींच, पाला हिरवा असतां, भावाच्या घाईनें काढलें तर रंग कमी भरतो. शिजवितांना काहिलींत ४५ मिनिटें ते तासभर पुरे. फेंस येऊन वाफेस हळदीचा वास सुटला आणि हळकुंडांत काडी सहज शिरली कीं उतरावें. फार शिजविल्यास रंग बिघडतो, कमी शिजविल्यास हळकुंड ठिसूळ राहून किडा लवकर लागतो. हल्लीं वाफेचे कुकर आले आहेत, त्यांत वेळ व जळण दोन्ही वांचतात. शिजविण्याच्या पाण्यांत सोडा टाकण्याची कित्येकांची संवय मात्र सोडावी. क्षारांत कर्क्युमिन मोडतें. उजेडानेंही तें विटतें. म्हणून वाळलेला माल उन्हांत पडूं देऊं नये व साठवण अंधारी असावी. हरिपूर व सांगलवाडीच्या जमिनींतील पेवांत हळद वर्षानुवर्षें रंगदार राहत असे, त्याचें रहस्य अंधार व कोंडलेली हवा ह्यांतच होतें. इ. स. २००५ सालच्या कृष्णेच्या महापुरांत ह्या पेवांत पाणी शिरलें, पुष्कळ पेवें कायमचीं निकामी झालीं, आणि व्यापार शीतगृहांकडे वळला.

पुराची गोष्ट निघालीच आहे म्हणून बांगलादेशांतील हकीकत सांगतों. तेथें इ. स. १९८० नंतरच्या दशकांत मोठे पूर येऊन हळद भिजली व काळवंडली. विटका माल खपेना, तेव्हां पॉलिश करणाऱ्यांनीं त्यास शिशाचा पिवळा रंग, म्हणजे लेड क्रोमेट, चोळण्यास सुरुवात केली, आणि पूर ओसरला तरी ती रीत राहिली. शिसें हें विष मुलांच्या मेंदूस मारक आहे. गर्भवती स्त्रियांच्या रक्तांतील शिशाचा माग काढतां काढतां संशोधक ह्या हळदीपर्यंत पोंचले. तेथील सरकारनें तपासण्या व दंड सुरू केल्यावर, बाजारांतील नमुन्यांपैकीं इ. स. २०१९ सालीं ४७ टक्के दूषित होते ते इ. स. २०२१ सालीं शून्यावर आले. आपल्याकडे इ. स. २०१९ सालींही कृष्णेनें पात्र सोडलें होतें. भिजलेला माल कमी दरानें विकावा लागला तरी विकावा, पण त्यास रंग चोळून देणाऱ्या पॉलिशवाल्याच्या दारांत पोतें उतरवूं नये.

घरीं घेतलेलें हळकुंड पारखण्यास एक कांचेचा पेला पाणी पुरतें. हळकुंड त्यांत टाकून न हलवितां तसेंच ठेवावें. पाण्यास लगेच भडक पिवळा रंग सुटला तर वरून रंग चोळलेला आहे असें समजावें. पुडीवर चुन्याची निवळी टाकल्यास ती लाल होते, पण त्यानें आंत हळद आहे एवढेंच कळतें. तिच्या जोडीला दुसरें काय आहे तें कळत नाहीं. पालच्या खंडोबाच्या यात्रेंत उधळावयाचा भंडारा विकत घेतांना हें ध्यानांत ठेवावें, कारण तो मुलांच्या नाकातोंडांत जातो. ज्यांच्या घरीं हळद पिकते त्यांनीं यात्रेचा भंडारा घरच्याच न रंगविलेल्या कणींतून दळून न्यावा.